प्रेमलेचं वेगळं ताट

भिलाईतल्या त्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात प्रेमलेचं ताट खिडकीखालच्या फळीवर एकटंच असायचं. काठावर तिचं नाव कोरलेलं. ते तिथं ठेवलं वसुंधरावहिनीनं. बाहत्तर सालची गोष्ट. प्रेमलेचं लग्न ठरलं होतं आणि नेमका हातावर कोडाचा डाग उठला. मुलाकडच्यांसमोर वहिनी म्हणाली, "एका ताटात जेवलं का लागते हे. आमी तिचं ताट वेगळंच ठेवतो." तोवर ठेवत नव्हती बरं. खोटं खरं दिसावं म्हणून त्या दिवसापासून ठेवायला लागली. आणि मुलगा? तो मिळाला वहिनीच्या सख्ख्या बहिणीला. आता सांगा, हे विसरायचं कसं? प्रेमलेनं डूख धरला. कोहक्याच्या शाळेत जीवशास्त्र शिकवत, भावाच्या घरी त्याच ताटात जेवत ती वाट बघत राहिली.

पुढं सोळा-सतरा वर्षांनी भाची नलूच्या मानेवर डाग उठला. पोरगी रडत आत्याकडेच आली.

"मी काय पाप केलं, आत्या?"

"पापबिप काही नाही. रक्तात टी-पेशी पहारा देऊन राहिल्या असतात. त्यांच्या अंगावर बारीक चिमटे असतात, रिसेप्टर म्हणतात त्याले. ज्याच्याशी चिमटा जुळला, त्याच्यावर तुटून पडायचं. आता शास्त्रज्ञांले वाटून राहिलं का काहींचा चिमटा आपल्याच कातडीले रंग देणाऱ्या पेशीले धरते. पक्कं नाही अजून. पण हे कोणाले लागत नाही, एवढं पक्कं."

नलूनं डोळे पुसले आणि आत्याच्या ताटातलाच घास उचलून खाल्ला.

मग पद्मनाभपूरहून रुक्माबाई मुलाला घेऊन नलूला बघायला आल्या. वहिनीनं पोरीच्या मानेवर पावडर थापली आणि नणंदेपुढं चक्क हात जोडले. "प्रेमला, काही बोलू नको. पोरीच्या जन्माचा सवाल आहे."

"मी कायले बोलू?" प्रेमला म्हणाली. मनातल्या मनात तिनं कधीच पदर खोचला होता.

पोहे सगळ्यांना बशीत आले. नलूचे मात्र प्रेमलेनं आपल्या ताटात वाढले आणि ते ताट सगळ्यांदेखत तिच्यापुढं ठेवलं.

रुक्माबाईंनी काठावरचं नाव वाचलं. "हिले तुमचं ताट कावून?"

"वहिनीले विचारा. ताट वेगळं कोणाचं ठेवतात, तिलेच माहीत."

रुक्माबाईंची नजर प्रेमलेच्या कोडानं पांढऱ्या झालेल्या हातांवरून नलूच्या मानेवर गेली. घामानं पावडर ओघळली होती.

"हिलेबी आहे? लागते म्हणतात हे."

वहिनीनं पदरानं पोरीची मान झाकली. "नाही लागत जी. तेव्हा मी खोटं बोलली होती. बहिणीसाठी."

हेच ऐकायला प्रेमला इतकी वर्षं जगली होती. तिचे कान निवले.

"तेव्हा खोटं का आता, कोणाले माहीत," म्हणत रुक्माबाई मुलाला घेऊन निघून गेल्या.

"कसं वाटलं, वहिनी?" प्रेमला म्हणाली. "मलेबी असंच वाटलं होतं."

बोलली ती नलू. "आत्या, तुले आईले धरायचं होतं ना? चिमटा मले बसला."

संध्याकाळी नलूनं ते ताट स्वतः घासलं, त्यातच वाढून घेतलं आणि खिडकीखाली एकटीच जेवायला बसली. वहिनीनं घरच्या ताटांतलं एक ताट प्रेमलेपुढं ठेवलं. काठावर नलूचं नाव होतं. प्रेमलेचा हात त्याला लागेना.