वरच्या बांधामागची माती

धाकटीचे बाबा कधी चुकत नसत. रस्ता चुकला, तर तो रस्ताच भलतीकडे काढलेला असे. चहात साखर जास्त पडली, तर चमचा मोठा असे. सारी नोकरी पाटबंधारे खात्यात काढून निवृत्त झाल्यावर त्यांनी आधी स्वयंपाकघरात लक्ष घातलं. महिन्याभरात आईनं कोपरापासून हात जोडले आणि म्हणाली, "अहो, बाहेर काहीतरी शोधा." त्यांनी बाहेर दोन बांध शोधले.

मुलूख कोरडा होता. डोंगरातून उतरणाऱ्या नाल्यात वर्षातून चार-दोन वेळा पाणी यायचं आणि आलं तसं निघून जायचं. त्या नाल्यावर कधीच्या काळी बांधलेले दोन दगडी बांध होते, खालचा बुटका आणि वरचा चांगला दोन पुरुष उंच. कुणी बांधले हे कुणाच्या आजोबांनाही ठाऊक नव्हतं. दोन्ही बांधांच्या मागे काठोकाठ गाळ साचलेला होता. बाबांनी एका फेरीत निदान केलं: हे जुने तलाव आहेत, कुणी साफ केले नाहीत म्हणून बुजले. गाळ उपसा, पाणी साठेल.

खालचा बांध उपसला. पाऊस आला आणि पाणी खरोखर साठलं. पोरं डुंबली, लोकांनी फोटो काढले, बाबांना डोक्यावर घेतलं. मग उन्हं तापली. पाण्याचा चिखल झाला, चिखलाला भेगा पडल्या, आणि खालच्या गल्लीतल्या ज्या विहिरी कधी आटल्या नव्हत्या त्यांनीही तळ दाखवला. "पाऊसच कमी झाला," बाबा म्हणाले. लोकांनाही ते पटलं. पटायचंच, कारण तलाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. आता वरच्या बांधाची पाळी होती.

वरच्या बांधामागच्या गाळावर अंजिराची बाग होती. तिच्या मालकिणीला सगळे बागवालीच म्हणत. नवरा गेल्यापासून त्या बागेवर तिनं घर चालवलं होतं. बाग जाणार म्हणून ती आधी खूप भांडली. बाबा रोज संध्याकाळी तिच्या ओट्यावर जाऊन बसले, कागदावर आकृत्या काढून दाखवल्या. एवढं पाणी, म्हणजे काठावर दुप्पट झाडं. शेवटी ती म्हणाली, "साहेब, तुम्ही सांगताय म्हणून हो म्हणते."

धाकटी यात पडली ती बाबांच्याच आग्रहानं. ती माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. वय चाळिशीला टेकलं तरी घरात आणि घराबाहेर धाकटीच. "माझा गाळ कसदार आहे असा दाखला दे," बाबांनी हुकूम सोडला. "उपसून लोकांच्या शेतात टाकायचाय." म्हणून ती नमुने घ्यायला गेली आणि बांधाला लागून एक खोल खड्डा घेतला. बागवालीनं तिला झाडाखाली बसवून चहा दिला, वर ओंजळभर अंजिरं दिली. अंजिरं खातखात धाकटी खड्ड्यात उतरली आणि बांधाची भिंत हातानं चाचपू लागली.

बांध एका दमात बांधलेलाच नव्हता. सगळ्यात खाली कमरेएवढी भिंत होती. तिच्यामागे गाळ भरला, तेव्हा त्या माणसांनी पुढची भिंत त्या गाळावर थोडी मागे सरकवून उभी केली होती. तोही गाळ भरला, मग त्यावर आणखी एक. पायऱ्या पायऱ्यांनी वर चढत गेलेलं ते काम किती पिढ्यांचं असेल कुणास ठाऊक. त्यांना तलाव नकोच होता. त्यांना माती हवी होती. पाणी त्या मातीत मुरायचं, उन्हाला सापडायचं नाही, आणि सावकाश झिरपत खालच्या विहिरींना जायचं. हाताला तळाची माती अजून ओलसर लागत होती, आणि बाहेर तर ऊन मी म्हणत होतं. बाबा जो केर समजून काढायला निघाले होते तीच खरी ठेव होती. आणि वरच्या भिंती गाळावरच टेकलेल्या असल्यामुळे गाळ काढला तर बांधही जाणार होता.

धाकटी घरी आली ती थेट स्वयंपाकघरात. आईला सगळं सांगितलं. आईनं गॅस बारीक केला.

"म्हणजे खालच्या विहिरी यांच्यामुळे आटल्या?"

"हो."

"हे तू त्यांना आज सांगणार? रविवारी त्या तलावाबद्दल सत्कार आहे त्यांचा. सदरा इस्त्री करून टांगलाय."

"आई, बागेचा प्रश्न आहे."

"गाळ उपसायचं मशीन यायला अजून अवकाश आहे. बाग कुठे पळून जातेय? सत्कार होऊ दे, मग सांग. आधीच रक्तदाब त्यांचा."

खरं तर आईवर खापर फोडायचं कारण नाही. धाकटीला नेमकं हेच कुणीतरी म्हणायला हवं होतं. लहानपणापासून बाबांचा पडलेला चेहरा तिला सोसत नसे, आणि त्याचं कारण आपण व्हायचं हे तर तिला नकोच होतं. सत्कार झाला. बाबा इतकं बोलले, की अध्यक्षांना बोलायला वेळच उरला नाही. नंतर आठवडाभर ते आरशापुढून जाताना जरा रेंगाळायचे. मग त्यांना सर्दी झाली. मग प्रयोगशाळेत काम निघालं. रोज सकाळी धाकटी ठरवायची आणि रोज संध्याकाळी शब्द गिळायची. तिच्यासारख्या शहाण्या बाईनं असं वागावं याचा राग येतो, पण माणसं अशीच वागतात.

एका संध्याकाळी जेवताना बाबा म्हणाले, "बागवाली हिंमतीची हं! दुसऱ्याला हात लावू दिला नाही, झाडं स्वतः उभी राहून तोडून घेतली. सकाळी मशीन लागतंय."

धाकटीनं ताट सरकवलं. "तोडली?"

"दोन दिवस झाले. का?"

तिनं सांगितलं. अडखळत, मागचं पुढे करत, पण सांगितलं. फोनमधले खड्ड्याचे फोटो दाखवले. बाबांनी फोन दूर सरकवला. "तू माती बघतेस, मी पाणी बघितलंय. माझी हयात गेली त्यात." आवाज चढला, भांडी वाजली, आई मध्ये पडली. बाबा खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. थोड्या वेळानं दार उघडून त्यांनी फोन मागून घेतला आणि पुन्हा दार लावलं.

उजाडताना ते बूट घालून ओसरीत बसलेले होते. एका रात्रीत म्हातारे दिसायला लागले होते. "चल," एवढंच म्हणाले.

ते पोचले तेव्हा मशीन लागलेलं होतं. ऊन चढायच्या आत काम उरकावं म्हणून मशीनवाल्यानं पहाटेच सुरुवात केली होती. बागेच्या जागी बुंधे होते, आणि बांधालगतची माती ट्रॉलीत पडत होती. पन्नासेक माणसं काठावर जमली होती. बागवाली पदर खोचून पुढेच उभी होती.

बाबा हात वर करून मशीनच्या समोर गेले. "थांबव! बंद कर ते!"

मशीनवाल्यानं इंजिन बंद केलं. "काय झालं साहेब?"

"मी चुकलो," बाबा म्हणाले.

बाबा बोलत राहिले. माती, झिरपणारं पाणी, विहिरी, एकावर एक चढवलेल्या भिंती. चांगलं समजावत होते, हातवारे करून, त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं. पण लोकांनी त्यांच्याकडूनच याच्या बरोब्बर उलटं याच पद्धतीनं ऐकलं होतं आणि ते त्यांना पाठ झालं होतं.

"साहेब, आम्ही तलाव बघितलाय," एक जण समजुतीच्या सुरात म्हणाला. "पोरं पोहली त्यात."

"तोच तर घात झाला!"

"तुम्हाला झोप लागली नाही वाटतं रात्री. ताई, घरी न्या यांना. ऊन लागेल."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. दोघा जणांनी बाबांना मायेनं दंडाला धरून सावलीत नेलं आणि पाणी दिलं. धाकटी ओरडून सांगायला लागली, तशी लोकांनी मान हलवली. बापाची बाजू मुलगी घेणारच, असा त्याचा अर्थ होता. मशीन पुन्हा घरघरलं.

फार वेळ लागला नाही. बांधाच्या पोटाशी मशीननं आणखी चार-पाच घास घेतले असतील. आधी बारीक खडे निसटले. मग वरच्या भिंतीचा एक मोठा दगड हलला, आणि पाठोपाठ सगळा वरचा भाग मागे कलून खड्ड्यात घसरला. मशीनवाल्यानं वेळेवर उडी मारली म्हणून वाचला. धूळ खाली बसली. बांधाला मधोमध खिंडार पडलं होतं. उरलेल्या कडेला, चिरलेल्या भाकरीच्या पदरांसारखे, भिंतींचे आणि मातीचे थर कुणालाही दिसतील असे उघडे पडले होते. आता सगळ्यांना पटलं.

आता बाबांवर लोक तुटून पडणार म्हणून धाकटी धावत त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. लोक आले नाहीत. बागवाली तेवढी आली, आणि तिनं बाबांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही इथे खड्डा घेतला होता."

"हो."

"मी चहा दिला होता तुम्हाला. तुम्ही वर आलात तेव्हा चेहरा उतरला होता तुमचा. मला वाटलं, उन्हानं. हे असं रचलेलं तेव्हाच दिसलं होतं का तुम्हाला?"

धाकटीनं बाबांकडे पाहिलं. त्यांना हे माहीत नव्हतं. स्वतःला कळल्याबरोबर लेकीनं जेवायला बसल्या बसल्या सांगितलं, असंच ते धरून चालले होते. त्यांच्या हातात कुणीतरी दिलेला पाण्याचा पेला तसाच होता.

"मला वाटलं, बाबांना धक्का बसेल," ती म्हणाली. "सत्कार होता त्यांचा. मला वाटलं, अजून वेळ आहे."

"मी ते नाही विचारलं," बागवाली म्हणाली.

बाबांनी पेला खाली ठेवला. "त्या विचारतायत त्याचं उत्तर दे."

"दिसलं होतं," धाकटी म्हणाली. "तेव्हाच दिसलं होतं."

"तेव्हा झाडं होती," बागवाली म्हणाली.