आठवी टाकी

आठव्या टाकीचं बूच काढायला कुंतला वाकली, तोच टाक्यांची देखभाल करणाऱ्या वैदेही मौसीनं त्यावर पाय ठेवला.

"ही नको."

"मौसी, पाय काढ. बाराच्या आत आठही टाक्या रिकाम्या करायच्यात. दुपारी कोळंबीची पिल्लं येतायत."

पाय हलला नाही.

तीन वर्षं कुंतला या संशोधन केंद्रात कारा नावाचं शेवाळ वाढवत होती. चिलिका सरोवराचा उघडा पडलेला तळ पुन्हा हिरवा करायचा, तर त्याचं बी हवं होतं. शेवाळ दाट वाढे, पण बी एकदाही धरलं नव्हतं. क्षारता तिनं कधी ढळू दिली नाही: हजार भाग पाण्यात दहा भाग मीठ. गेला महिनाभर ती प्रकल्पाच्या मुदतवाढीसाठी भुवनेश्वरला खेटे घालत होती आणि टाक्या मौसीवर सोपवल्या होत्या. मुदतवाढ मिळाली नव्हती; टाक्या आता कोळंबीला द्यायच्या होत्या.

"काय केलंस?"

"गोडं पाणी घातलं. रोज थोडं थोडं."

"मौसी! दहाच ठेव म्हणून बजावलं होतं मी!"

"दहा, दहा! बाहेर भादवा लागला, नद्यांचं पाणी सरोवरात शिरलं, आणि तुझ्या टाकीत अजून वैशाख. बारा महिने वैशाखच असेल तर कुणाला लेकरं होतील गं?"

"मग एकाच टाकीत का?"

"कंबर दुखते माझी. आठ टाक्यांना पाणी घालायला मी काय हत्तीण आहे?"

कुंतलानं बाही वर सारली, शेवाळाची एक काडी काढून भिंगाखाली धरली. पेरापेरावर खसखशीएवढे नारिंगी मणी होते. प्रत्येक मण्याच्या वर पीळदार, तपकिरी होत चाललेलं बी.

खाऱ्या पाण्यात पेशीची ताकद आतला दाब सांभाळण्यातच संपते, हे तिनं स्वतः प्रबंधात लिहिलं होतं. ती ताकद मोकळी झाली तर कुठे जाईल, हे विचारायचं राहून गेलं होतं.

"सर!" ती ओरडली, आणि आपल्याच आवाजावर हसली. "पट्टनायक सर, लवकर या!"

केंद्राचे संचालक रिकाम्या करायच्या टाक्यांची यादी हातात घेऊनच आले. बराच वेळ भिंगाला डोळा लावून उभे राहिले.

"क्षारता?"

तिनं मीटर बुडवला. "तीन."

"बाकीच्या सात टाक्या?"

"अजून दहावरच. पण शेवाळ जिवंत आहे, सर."

त्यांनी यादीची घडी करून खिशात घातली. "कोळंबीवाल्यांना दुसरी जागा बघायला सांगतो," म्हणत ते फोनकडे वळले.

मौसी एव्हाना सातव्या टाकीत पाणी ओतत होती.

"एकच बादली?" कुंतलानं विचारलं.

"एकदम ओतलं तर फुटून मरेल ते."

कुंतला ओल्या फरशीवरच मांडी घालून बसली. वहीचं कोरं पान उघडलं.

"पहिल्या दिवसापासून सांग," ती म्हणाली. "सावकाश. मी लिहून घेते."