आपल्याच नावाची चिठ्ठी

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, दुपारची जेवणं उरकल्यावर, दत्ताराम घाडींनी स्टीलच्या डब्यात हात घालून एक चिठ्ठी काढली, उलगडली आणि तिच्यावर स्वतःचंच नाव वाचलं.

डबा सुनेने, श्वेताने, समोर धरला होता. श्वेता अंधेरीच्या एका कंपनीत एचआरमध्ये आहे. तिथे दर नाताळात सिक्रेट सँटा खेळतात, तो यंदा तिने दहिसरच्या घरात आणला होता. ज्याचं नाव निघेल त्याच्यासाठी गुपचूप भेट आणायची आणि एक जानेवारीला सगळ्यांनी जमून भेटी उघडायच्या. सासूबाईंनी, म्हणजे सुलक्षणाने, सँटा या शब्दाला हरकत घेतली. "त्यापेक्षा गुप्तदान म्हण," ती म्हणाली. श्वेताने लगेच मान्य केलं. एचआरमध्ये हरकती अशाच मिटवतात.

नियम तीन होते. भेट पाचशेच्या आतली हवी. ती त्या माणसाच्या छंदाला धरून हवी. आणि कोणाचं नाव आलंय ते एक तारखेपर्यंत कोणालाही सांगायचं नाही, नवराबायकोनेही एकमेकांना नाही.

स्वतःचंच नाव आलं तर काय करायचं, हे सांगायला श्वेता विसरली. तिच्या ऑफिसात चिठ्ठ्या मोबाइलवर निघतात आणि मोबाइलला तेवढी अक्कल असते.

दुसऱ्या कोणीही "अगं, माझंच आलं की" म्हणून चिठ्ठी परत टाकली असती. पण दत्ताराम वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले, आणि खात्यातली भिशी त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलेली. भिशीत आपल्या नावाची चिठ्ठी निघाली तर लोक पेढे मागतात. निघालेली चिठ्ठी पुन्हा डब्यात टाकली तर मात्र पुढच्या महिन्यापासून तुमच्याशी कोणी बोलत नाही. दत्तारामांनी चिठ्ठीची घडी घातली आणि ती शर्टाच्या खिशात ठेवली.

"कोण आलं हो?" सुलक्षणाने विचारलं.

"नियम आहे," ते म्हणाले.

"बघा, बाबांकडून शिका जरा," श्वेता नवऱ्याला म्हणाली. तिच्या नवऱ्याने, सुशांतने, आपली चिठ्ठी तोवर निम्म्या घराला दाखवली होती.

संध्याकाळी नदीच्या बाजूने फेरी मारताना प्रकरण किती कठीण आहे ते दत्तारामांच्या लक्षात आलं. बाकीच्यांचं सोपं होतं. सुलक्षणा क्रोशाचे रुमाल विणते. सुशांत क्रिकेट बघतो. श्वेता पहाटे उठून धावते आणि धावल्याचे फोटो टाकते. नात प्रांजल मातीचे कानातले बनवते. मुलुंडहून जेवायला आलेला धाकटा भाऊ सुबोध अठ्ठावन्नाव्या वर्षीही पतंग उडवतो. राहता राहिले दत्ताराम घाडी. त्यांना काय आवडतं, हे दत्तारामांना ठाऊक नव्हतं.

यात धोका असा होता की, या कुटुंबात एकदा ठरलेली आवड पुन्हा बदलत नाही. घाटकोपरच्या नलिनीने, त्यांच्या बहिणीने, एका लग्नात केवळ भीड म्हणून सुतरफेणीचं कौतुक केलं होतं. तेव्हापासून तिच्याकडे जाणारा प्रत्येक जण सुतरफेणी घेऊन जातो, आणि नलिनी ती बिल्डिंगभर वाटत फिरते. एक तारखेला पाकिटातून जे निघेल, ते मरेपर्यंत दत्तारामांच्या मागे लागणार होतं.

खात्यात तपासणीची एक पद्धत असे. मालकाला विचारायचं नाही, आजूबाजूला विचारायचं. दत्तारामांनी तपासणी सुरू केली.

"समज," ते सुलक्षणाला म्हणाले, "एखाद्याला मला काही द्यायचं असेल, तर त्याने काय द्यावं?"

सुलक्षणा मेथी निवडत होती. "कोण देतंय?"

"समज म्हटलं."

"तुम्हाला काय, काही दिलं तरी चालतं."

"चालतं ते वेगळं. आवडतं काय?"

तिने मेथीची जुडी खाली ठेवली. संसाराला छत्तीस वर्षं झाली होती, उत्तर यायला हवं होतं. "शांतता," ती शेवटी म्हणाली. "तुम्हाला शांतता आवडते. तुम्ही कधी काही बोलत नाही ना."

सुबोधला त्यांनी फोन केला. "पतंग!" सुबोध ओरडला. "विचारतोस काय दादा? लहानपणी गिरणीच्या चाळीच्या गच्चीवर आपण दोघं दिवसदिवस असायचो की!"

"उडवायचास तू. मी फिरकी धरायचो."

"मग फिरकी आवडते तुला. काय धरायचास यार! एकदा पण सोडली नाहीस. जेवायला पण नाही."

जेवायला सोडली नव्हती, कारण सुबोध सोडू देत नव्हता. दत्तारामांनी आभार मानून फोन ठेवला.

खात्यातले जुने सहकारी चंद्रप्रकाश बोरिवलीला राहतात. त्यांनी तर क्षणाचाही विचार केला नाही. "कारलं," ते म्हणाले. "माझ्या डब्यातलं कारलं तू रोज मागून खायचास."

दत्तारामांना कारलं आवडत नाही. चंद्रप्रकाशांची बायको आजारातून उठून पुन्हा डबा करायला लागली होती, आणि तो तसाच परत गेला असता तर तिला वाईट वाटलं असतं, म्हणून ते खायचे. असं साडेतीन वर्षं चाललं.

एकूण पुरावा गोळा झाला तो असा: शांतता, फिरकी, कारलं. यातलं काहीच बांधून कागदात गुंडाळण्यासारखं नव्हतं, आणि खरंही नव्हतं.

नाताळच्या आदल्या दिवशी ते बोरिवली पश्चिमेला खेळणी, खेळाचं सामान आणि भेटवस्तू असं सगळं एकत्र विकणाऱ्या एका दुकानात गेले. काउंटरवर दर्शना नावाची मुलगी होती. नाव तिच्या बिल्ल्यावर होतं.

"कोणासाठी हवंय काका?"

"आहेत एक गृहस्थ. साठीच्या पुढचे."

"स्वभाव कसा आहे?"

दत्तारामांनी विचार केला. "तक्रार नाही कोणाची."

"तसं नाही हो. म्हणजे मजेशीर आहेत, की खडूस?"

"खडूस नाहीत," दत्ताराम जरा कडकपणे म्हणाले.

तिने हजार तुकड्यांचं चित्रकोडं दाखवलं. रंगवायचं पुस्तक दाखवलं. काचेच्या बरणीतलं झाड दाखवलं, ज्याला पाणीही घालावं लागत नाही. प्रत्येक वेळी दत्तारामांनी मान हलवली. "त्यांना नाही आवडणार."

"तुमची चांगली ओळख दिसते त्यांच्याशी."

"कामापुरती," दत्ताराम म्हणाले.

दर्शना आणखी काही काढायला आत गेली. दत्तारामांच्या समोर खुंटीला शिट्ट्या लटकत होत्या. खेळाच्या पंचांकडे असतात तशा, स्टीलच्या, काळ्या दोरीच्या. दुकानातली कुठलीही वस्तू बरोबर चालते की नाही ते बघायचं, या जुन्या सवयीने त्यांनी एक काढली, पुसली आणि फुंकली.

दुकानातलं सगळं थांबलं. बिल करणारा माणूस थांबला, बाहुलीसाठी रडणारी मुलगी थांबली, बाहेर रस्त्यावर एक रिक्षासुद्धा थांबली. दत्तारामांच्या छातीत, शर्टाच्या खिशाच्या मागे, काहीतरी मोकळं झालं. झालं ते चुकून तर नाही ना, हे तपासायला त्यांनी पुन्हा फुंकली. चुकून नव्हतं.

"काका, गिऱ्हाइकं पळतील!" आतून धावत आलेली दर्शना म्हणाली.

"ही द्या," दत्ताराम म्हणाले. "आणि चांगल्या कागदात बांधा."

एक जानेवारी यंदा गुरुवारी आला, त्यामुळे कोंबडी-वड्यांतली कोंबडी गेली आणि काळ्या वाटाण्याचं सांबार आलं. सुबोध मुलुंडहून येतानाच कुरकुरत आला. "नवीन वर्ष आहे वहिनी, वाटाणा काय? देव पण सुट्टीवर असेल आज."

"देव नसेल, मी आहे," सुलक्षणा म्हणाली.

जेवणाआधी भेटी उघडल्या. सुलक्षणाला क्रोशाच्या सुया मिळाल्या, सुबोधला मांजा, श्वेताला धावायचे मोजे, सुशांतला टोपी, प्रांजलला रंग. मग सगळे दत्तारामांकडे वळले. त्यांनी चिकटपट्टी नखाने सोडवली, कागद न फाडता उलगडला आणि शिट्टी वर धरली.



"शिट्टी?" सुशांत म्हणाला. "कोणी दिली रे ही?"

"थट्टा आहे ही," सुलक्षणा म्हणाली. "ज्या माणसाला शांतता आवडते, त्याला शिट्टी? जरा तरी माणूस ओळखून द्यावं."

"विचार करून दिली असेल," दत्ताराम म्हणाले.

"कसला विचार! वाटेत दिसली आणि उचलली."

"तसं नाही. बराच शोध घेतला असेल त्याने."

"तुम्ही सगळ्यांना सांभाळूनच घ्या!"

श्वेताने दोन्ही हात वर केले, मीटिंगमध्ये करते तसे. "बाबा, मनाला लावून घेऊ नका. आपण ती बदलून आणू. मी काचेच्या बरणीतलं झाड बघितलंय, तुम्हाला अगदी सूट होईल. ज्याने दिली त्याने फक्त बिल द्यावं. कोणी काही बोलणार नाही."

बिल कोणी दिलं नाही. मग श्वेताने एकेकाला, आपण कोणाला काय दिलं ते सांगायला लावलं. सुलक्षणाने मोजे, सुबोधने रंग, सुशांतने मांजा, प्रांजलने टोपी, आणि सुया स्वतः श्वेताने दिल्या होत्या.

"म्हणजे आजोबांना कोणी दिलं ते राहिलं," प्रांजल बोटांवर मोजत म्हणाली. "आणि आजोबांनी कोणाला दिलं ते पण राहिलं."

"दोन माणसं कमी पडतात," सुशांत म्हणाला. "नलिनी आत्याचं नाव होतं का डब्यात?"

"फोन लाव तिला," सुबोध म्हणाला. फोन लागला. नलिनीने शिट्टी दिली नव्हती, तिला काही मिळालंही नव्हतं, आणि आपल्याला खेळात का घेतलं नाही यावरून ती भांडली. तिच्याकडे पुन्हा सुतरफेणी घेऊन जायचं ठरलं.

श्वेताने तेवढ्यात शिट्टी उचलून आपल्या पर्समध्ये टाकली. "काहीतरी करते मी, बाबा."

"ठेव ती," दत्ताराम म्हणाले.

आवाज फार मोठा नव्हता, पण त्या घरात तो नवा होता. श्वेताने शिट्टी टेबलावर ठेवली.

"मी आणली आहे," ते म्हणाले. "माझीच चिठ्ठी मला आली होती."

"मग परत टाकायची ना!" सुशांत म्हणाला.

"निघालेली चिठ्ठी परत टाकत नाहीत."

"आणि शिट्टी का पण, दादा?" सुबोधने विचारलं. "काय करणार तू तिचं?"

दत्तारामांनी तोंड उघडलं. उत्तर दोन शब्दांचं होतं. पण घरात ते कधी म्हटलेलं नसल्यामुळे आता सुरुवात कुठून करायची ते त्यांना कळेना. त्यांनी तोंड मिटलं.

सुलक्षणाचा प्रश्न वेगळाच निघाला. "किती दिवस शोधत होतात हो?"

"सतरा दिवस."

"स्वतःसाठी सतरा दिवस!" ती उभी राहिली. "आणि मला लग्नापासून दर दिवाळीला मोरपंखी साडी! एकदा तरी आजूबाजूला विचारलंत, सुलक्षणाला काय आवडतं म्हणून?"

"मोरपंखी आवडतो ना तुला?"

"तुमच्या आईला आवडायचा!"

सुशांत मध्ये पडला, श्वेता त्याच्या मध्ये पडली, सुबोधला हसू आवरेना म्हणून सुलक्षणा त्याच्यावर घसरली, आणि पलीकडे गॅसवर वडे काळे व्हायला लागले. दत्तारामांना एवढ्या आवाजात बोलायची सवय नव्हती. त्यांनी टेबलावरची शिट्टी घेतली आणि छाती भरून फुंकली.

घर थांबलं. वर-खालचे दोन मजलेही थांबले असावेत. मग जिन्यात धावती पावलं वाजली आणि बेल वाजली.

दत्तारामांनीच दार उघडलं. बाहेर बिल्डिंगचा वॉचमन धापा टाकत उभा होता, हातात काठी. "क्या हुआ साहब? चोर है?"

मागे सगळं घर दारात गोळा झालं. दत्तारामांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा वॉचमनकडे.

"कुछ नहीं हुआ," ते म्हणाले. "मुझे अच्छा लगता है."

वॉचमनने काठी खाली केली आणि गळ्यातल्या आपल्या शिट्टीवरून बोट फिरवलं. "मुझे भी, साहब," तो म्हणाला. "लेकिन सेक्रेटरी दिन में बजाने नहीं देते."

"अंदर आओ," दत्ताराम म्हणाले. "वडे खाओ."

"जळालेत दोन," मागून सुलक्षणा म्हणाली. तिचा राग गेला नव्हता, पण ताट घ्यायला ती आत वळली होती. "आणि आज संध्याकाळी माझ्याबरोबर दुकानात यायचं. मी सांगेन तो रंग घ्यायचा. तुम्ही नुसती फुंकत बसलात तरी चालेल."