आत्याचा हिसका

मित्रांनो, मी पेरुव्हियन लिलीचा एक जुना गड्डा आहे. नावात पेरू असला, तरी पेरूच्या झाडाशी माझं लांबचंही नातं नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझी फुलं केशरी, आत तपकिरी रेघा. वास नाही, पण पाण्यात ठेवली तर दोन आठवडे ताजी राहतात. गुलाबाने एवढं करून दाखवावं!

मला या घरच्या मालकिणीने, म्हणजे सगळ्यांच्या आत्याने लावलं, तिच्या खिडकीखालच्या वाफ्यात. पहिलं वर्ष मी रुसून बसलो, फुललोच नाही. तिने मुळांवर पालापाचोळा पसरला आणि वाट पाहिली. पुढे मी असा बहरलो, की तिच्या फुलांच्या दुकानातली बादली कधी रिकामी राहिली नाही. फूल घेताना ती दांडा तळाशी धरायची, पीळ द्यायची आणि एक हिसका! मला कळ लागायची, पण तिथेच नवा कोंब जागा व्हायचा.

मग आत्या अंथरुणाला खिळली आणि बाग तिच्या भाचीकडे आली. पोर मायाळू. तिला असं ओढणं जमेना. "दुखणार नाही हं," म्हणत ती कात्रीने अलगद दांडे कापायची. खरंच दुखत नसे. पण मागे राहिलेले खुंट कुजू लागले आणि नवे कोंब झोपूनच राहिले. मी रोडावत गेलो.

"काढून टाक तो गड्डा," भाचीचा नवरा म्हणाला. "तिथे टोमॅटो लावू."

उरलेली फुलं घेऊन भाची आत्याच्या उशाशी गेली. खिडकी उघडीच होती, मला सगळं ऐकू आलं.

"आत्या, ही शेवटचीच. वाफा संपला गं."

आत्याने फुलांकडे पाहिलंच नाही. तिने दांड्यांची टोकं चाचपली.

"कापलीस?"

"मग काय ओरबाडू? तू किती जपलंस त्याला!"

"अगं, जपायचं म्हणूनच ओढायचे. जा, सगळे खुंट पीळ देऊन उपट. कुरकुरेल थोडा, मग फुलेल."

भाचीने डोळे मिटून पहिला खुंट ओढला. मी मनातल्या मनात बोंब मारली. पण नवऱ्याची टोमॅटोची रोपं आली, तोवर माझे कोंब वर आले होते. रोपं मुकाट्याने कुंडीत गेली.

मित्रांनो, कुणाला जपायचं असेल, तर त्याला काय मानवतं ते आधी विचारा. नुसती माया पुरत नाही.

नवा बहर आला, तेव्हा भाचीने पहिला दांडा आत्याच्या हातात दिला. आत्याने त्याचं टोक चाचपलं. ते मुळापासून निघालेलं, पांढरं होतं. मग कुठे तिने फुलांकडे पाहिलं.