रुख्माच्या नावाची चाळीस पानं

मी शुद्धलेखनाची वही बोलतेय. माझा घात झाला, तोही फार सुंदर अक्षरात.

गोंदियाच्या एका दुकानात माझी पाठ शिवली गेली आणि मी चिचगडच्या शाळेत आले. उन्हाळ्याची सुट्टी लागताना गुरुजींनी माझ्यावर नाव घातलं : रुख्मा उमराव, इयत्ता तिसरी. रोज एक पान, अशी चाळीस पानं. अक्षर सुधारलं तरच चौथी.

घरी उमरावनं लेकीला सुनावलं, "पास झाली त शिक. नाही त शाळा बंद. घरी काम का कमी आहे?"

रुख्माला अभ्यासाला बसवायचं काम नव्या सुनेकडे आलं. शामकला माहेरी चौथी शिकलेली. पुढची शाळा गावात नव्हती, म्हणून लग्न झालं.

पहिले सहा दिवस तिनं काम चोख केलं. जंगलातून विड्यांचा तेंदूपत्ता आला की ती पानांचे पुडे बांधायला बसायची आणि नणंदेला समोर बसवायची. एक ओळ झाली की एक पिकलेलं तेंदूचं फळ. रुख्माचा ‘ळ’ रोज पाठीवर पडायचा, पण रोज थोडा उठायचाही.

सातव्या दिवशी पोर कुरकुरली.

"मले नाही लिवाचं, वहिनी. हात दुखून राहिला."

"काऊन? पुडे बांधताना नाही दुखत?"

"पुडे चुकलं म्हणून बोंबलत नाहीत ना! तू लिव. पुडे माह्याकडे."

शामकलानं दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं. तिनं टाक उचलला.

एकच ओळ, असं ती स्वतःला म्हणाली. माणसं असं म्हणतात तेव्हा मी पानं मोजायला लागते. आधी ती मुद्दाम वाकडं लिहायची. विसाव्या पानावर ते विसरली. खरं सांगते, मलाही आवडलं. मी कोणाची आहे, हे मीही विसरले.

शाळा उघडली. गुरुजी खूश झाले. "वा रुख्मा! हीच ओळ फळ्यावर काढ बरं."

फळ्यावरचा ‘ळ’ पाठीवर पडला.

संध्याकाळी गुरुजी मला घेऊन घरी आले. "कोणी लिहिली, तेवढं खरं सांगा. पोरीला नवी वही देतो. पोळ्यापर्यंत शाळेतून नाव कापत नाही."

रुख्मानं वहिनीकडे पाहिलंसुद्धा नाही. "मीच लिवली."

"हेच शिकली का शाळेत?" उमराव गरजला. "उद्यापासून रोवण्याले चाल!"

शामकला दाराआड होती. नवी सून सासऱ्यासमोर बोलत नाही, अशी घराची रीत. एरवी ही रीत तिला टोचते. त्या संध्याकाळी तिनं ती पदरासारखी नीट ओढून घेतली.

आता रुख्मा चिखलात धान रोवते. मी शामकलाच्या ट्रंकेत, लग्नाच्या लुगड्याखाली आहे. दुपारी ती मला काढते, स्वतःचं अक्षर बघते आणि डोळे पुसते. बाई, मी डोळे पुसायला नाही.

पोळ्याला नऊ दिवस उरलेत. मला सासऱ्याच्या पुढ्यात ठेव आणि म्हण, "मामाजी, हे मी लिवलं." ओरडतील, ओरडू दे. नऊ वर्षांच्या पोरीनं तुझ्यासाठी एवढं ऐकून घेतलं.

मग गुरुजी तिला दुसरी वही देतील. माझ्या पानांनी तू चूल पेटव.