उस्तादांनी सोडलेली जागा

कैरोच्या शुब्रा भागात मुख्तार पाशांच्या घरी दर गुरुवारी गाणं ऐकायला माणसं जमत. पाशा निवृत्त न्यायाधीश, पण गाण्यात रंगले की सगळी अब्रू खुंटीला टांगून ठेवत. टेपवरच्या बाईनं एखादी ओळ झकास घेतली की "अल्ला! परत, परत एकदा!" असं ओरडत. बाई मरून वीस वर्षं झालेली, ती काय परत म्हणणार डोंबल! पण न ओरडता ऐकणं याला तिथं कुणी ऐकणं म्हणतच नसे.

आज तिथं इन्साफ नवऱ्याच्या सिनेमाची टेप घेऊन आली होती. नवरा, उस्ताद वगीह, दाराजवळ अंग चोरून बसला होता. आयुष्यभर त्यानं चित्रपटांना वाद्यवृंदाचं संगीत दिलं, आणि लोकांनी ऐकल्या त्यावरच्या मोटारी आणि रडारडी. आता म्हणत होता, "टेपा भंगारात देऊन टाक. माझं कुणी ऐकलेलंच नाही." ही टेप मात्र निव्वळ वाद्यांची होती, संवाद चढवण्याआधीची. "एकदा पाशांना ऐकवू, मग हवं तर मीच जिन्यावरून फेकते," असं म्हणून इन्साफनं त्याला ओढत आणलं होतं.

टेप सुरू झाली. व्हायोलिनं उठली, पुन्हा बसली.

"वहिनी, गाणारीण कधी येणार?" पाशांनी विचारलं. "अजून काजळच घालतेय का?"

हशा पिकला. वगीह टोपी उचलू लागला.

"बसा हो गुपचूप," इन्साफ पुटपुटली.

मग एकट्या बासरीनं सूर धरला. अहाहा, काय तो सूर! मागून चेलोचे खर्जातले सूर इतक्या हळूच आले की जणू घरात कुणी आजारी आहे. इन्साफनं हे स्वयंपाकघरातून कितीदा ऐकलं होतं, तरी तिच्या अंगावर काटा आला. कसा माणूस हा, आणि म्हणे भंगारात द्या! चहातले चमचे थांबले. ओळ वर चढली, वळली आणि अशी काही खाली येऊन टेकली की पाशा ताडकन उठले.

"अल्ला! परत! तुला देवाची शपथ, परत!"

वाद्यवृंद थांबला. श्वासभर काहीच वाजलं नाही. आणि मग तीच ओळ पहिल्यापासून परत आली.

खोलीत नुसता कल्ला झाला. पाशा डोळे फाडून यंत्राकडे बघत राहिले. "उस्ताद, याला कळलं कसं?"

"मीच तिथं जागा सोडली होती," वगीह म्हणाला. "आपली माणसं ओरडल्याशिवाय राहायची नाहीत, मला ठाऊक होतं. दिग्दर्शकानं नेमकी तिथंच हिरॉइनला थप्पड खायला लावली."

पाशा हसले नाहीत. "मी पाहिलाय तो सिनेमा," ते म्हणाले. "आम्ही त्या थपडेला टाळ्या वाजवल्या हो, उस्ताद."

त्यांनी जाऊन वगीहच्या कपाळाचं चुंबन घेतलं. वगीह उठला आणि स्वतःच्या हातानं टेप मागं फिरवून पुन्हा लावली.

या वेळी पाशांनी तोंड उघडायच्या आत इन्साफच ओरडली.