क्षमावणीचे कडबू

क्षमावणीला साऱ्या जगाची माफी मागा म्हणून सांगणाऱ्यांनो, त्या जगात घरची बायको धरायची राहिली, हा गुन्हा तुमचाच. अण्णासोनं सकाळपासनं गल्लीभर हात जोडले, मोबाईलवरनं अख्ख्या गावाला क्षमा धाडली. त्याची बायको चंदना मात्र गॅसपाशी पुरणाचे कडबू तळत होती. परवाच त्यानं मंदिरात चारचौघांपुढं तिच्या पुरणाला भिंतीचा गिलावा म्हटलं होतं. ते तिच्या मनात अजून उकळत होतं.

ऊन कललं तसा अण्णासो पाटावर येऊन बसला. दिवस बुडाला की त्यांच्या जैनांच्यात घास तोंडात घालत नाहीत. चंदनानं कडबू, कटाची आमटी वाढली आणि ताट स्वतःकडंच धरून ठेवलं.

"अगं, दिवस बुडतोय!"

"बुडू दे की. आधी माफी."

"कळत-नकळत काय चुकलं असंल तर क्षमा. आण ताट."

"नकळत केलेलं सगळं माफ," कडबूवर तुपाची धार सोडत ती म्हणाली. "कळत केलेलं तेवढं तोंडानं सांगा."

अण्णासोनं खिडकीबाहेर बघितलं. ऊन समोरच्या गच्चीच्या कठड्यावर टेकलं होतं.

"तिकडं काय बघताय? बोला की! काय केलंसा?"